माझं कपाट, तुझी झाडं

शुभा, आधी भांडण. रडणं नंतर बघू, रडायला उरलेलं आयुष्य पडलंय.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. आपल्या मराठी ग्रुपवर तुझ्याबद्दल लिहून झालं, तुझा हिरव्या साडीतला फोटो टाकून झाला, ‘नेहमी हसतमुख’ असं सात जणींनी लिहिलं. तू आणि हसतमुख! पार्किंगच्या जागेवरून तू त्या उंच माणसाला नागपुरी हिंदीत जे ऐकवलं होतंस, ते या सातातल्या एकीच्याही कानावर पडलेलं नसणार. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. जोडलेल्या हातांचा इमोजीसुद्धा टाकला नाही. अनघाला धक्का बसलाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. धक्का बसलाच आहे. पण खरं सांगू का, लिहायला बसले की दुःखाच्या आधी मत्सर वर येतो. गेलेल्या मैत्रिणीचा मत्सर करणं बरं नव्हे, हे मला कळतं. तरी येतो.

माझा नवरा आठ महिने दर शनिवारी सकाळी तुझ्या गॅरेजमध्ये होता, याचा मत्सर. आणि त्या नवऱ्याला तुझे शेवटचे शनिवार मिळाले, मला नाही, याचा त्याहून जास्त मत्सर. म्हणजे मी हेमंतवरून तुझ्यावर जळते आणि तुझ्यावरून हेमंतवर. तू असतीस तर म्हणाली असतीस, “बाप्पा, अनू, एका वेळी एकावर तरी जळ ना.”

कपाटापासून सुरू करते, कारण कपाट माझं होतं. आम्ही अपार्टमेंट सोडून या टाउनहाउसमध्ये आलो, तेव्हा इथे भिंतीतच कपाटं होती, म्हणून ते पांढरं दोन दारांचं लाकडी कपाट मी तुला दिलं. तू नुकतीच नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली होतीस. तुझी लेक रेवा आठ वर्षांची होती आणि घरात बसायला दोनच खुर्च्या होत्या. हेमंतने आणि तू ते जिन्यावरून वर न्यायचा प्रयत्न केलात, ते वळणावर अडकलं, आणि शेवटी गॅरेजमध्येच राहिलं. दहा वर्षं त्यात तुझे आकाशकंदील आणि रेवाचे जुने बूट होते. माझ्या साड्यांच्या कपाटात एक दिवस गांजाची झाडं उभी राहतील, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात तुझी केमो सुरू झाली आणि तुझं जेवण गेलं. सावजीचा रस्सा घाम पुसत पुसत ओरपणारी तू, दोन चमचे वरणभात बघूनही तोंड फिरवायला लागलीस. डॉक्टर म्हणाले, मळमळीसाठी गांजा घेऊन बघायला हरकत नाही. दुकानातून त्या जेलीच्या गोळ्या आणल्या, त्या इतक्या गोड निघाल्या की त्यानेच उलटी झाली. मग एका रविवारी तू आमच्या डायनिंग टेबलाशी बसून जाहीर केलंस की आपण घरीच लावायचा. कॅलिफोर्नियात घरी सहा झाडं चालतात, तू वाचून आली होतीस. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंस तरी तू मुळात बॉटनीची. तुझे वडील महाशिवरात्रीला भांगेचा घोटा कसा करायचे, पाट्याशी कोण बसायचं, ते सगळं तू सांगितलंस, आणि वहीच्या मागच्या पानावर माझ्या कपाटाचं चित्र काढलंस. वर एलईडीचा दिवा, खाली कापडी कुंड्या, बाजूला पंखा, पंख्यापुढे वास गाळायला कोळशाचं फिल्टर.

“अनू, तू आतून पांढरा रंग मार. हेमंत वायरिंग करेल. मी खुर्चीवर बसून दोघांना शिव्या देईन.”

तू आम्हा दोघांनाही बोलावलं होतंस. हे मी विसरलेले नाही. उठून उभी राहिले ती मीच.

“मला यातलं काही सांगू नका,” मी म्हणाले. “माझा सिटिझनशिपचा अर्ज गेलाय.”

“अगं, तू कुठे ओढणार आहेस? अन् लीगल आहे यार इथे.”

“राज्यात लीगल आहे, शुभा. केंद्रात नाही. आणि माझा अर्ज केंद्राकडे आहे.”

“मग डोळे मिटून रंग मार.”

हेमंत हसला. मी नाही हसले. त्याचं काय जातंय, तो तीन वर्षांपूर्वीच नागरिक झाला होता. मी मागे राहिले होते, कारण बाबा असेपर्यंत मला भारताचा पासपोर्ट सोडायचा नव्हता. बाबा गेले आणि मग मी अर्ज केला. वकीलबाईने एवढंच सांगितलं होतं की गांजा घेऊ नका, जवळ बाळगू नका, त्यात हात घालू नका. मैत्रिणीच्या घरी जाऊ नका असं ती म्हणाली नव्हती. ते मी माझं मीच वाढवलं. तुला ठाऊक आहे का वाढवलं. एकदा मी पंधरा दिवसांसाठी व्हिसाच्या शिक्क्याला मुंबईत गेले आणि चार महिने अडकले. कारण कोणी सांगितलं नाही. इथे हेमंत एकटा, तिथे मी आईच्या घरी रोज सकाळी वेबसाइट उघडून तेच वाक्य वाचतेय, आणि तेवढ्यात नोकरी गेली. दुधाने तोंड पोळलेली मी, सतरा वर्षं ताक फुंकून पितेय. कधी सिग्नल तोडला नाही, कधी लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं नाही. तुझ्यासारखी बाई मला मैत्रीण मिळाली, हीच माझी काय ती बेशिस्त.

तर मी नियम केला. गॅरेजमधलं बोलणं माझ्या घरात आणायचं नाही. हेमंतने तिथून आला की आमच्या गॅरेजमध्येच कपडे काढून वॉशरमध्ये टाकायचे, खालच्या मजल्यावर आंघोळ करायची आणि मगच वर यायचं. माझ्या आजीचं सोवळं मी लहानपणी नावं ठेवून ठेवून मोडीत काढलं होतं, आणि फ्रीमाँटमध्ये मी स्वतः ते परत सुरू केलं. हेमंत बिचारा पंचा गुंडाळून जिना चढायचा आणि म्हणायचा, “शिवू का आता चहाच्या कपाला?”

पण नियम कितीही कडक केला, तरी बातम्या झिरपतातच. आमच्या बाथरूमचा नळ दोन वर्षं गळत होता, त्याला हेमंतला वेळ नव्हता. तुझ्या कपाटातल्या दिव्याची उंची कमी-जास्त करता यावी म्हणून मात्र त्याने कप्पीचे दोर तीन वेळा बदलले. हे मला कसं कळलं? दोरांचं पुडकं आमच्या पत्त्यावर आलं. जेवताना त्याचा फोन वाजायचा आणि तो हळूच बघून गालात हसायचा. कोणत्याही बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात असं हसू ते. एकदा मी फोन ओढून घेतला. वर लिहिलं होतं, आर्द्रता बासष्ट टक्के. नवऱ्याला कपाटातली आर्द्रता कळवणारं यंत्र आहे आणि ते बघून त्याला आनंद होतो, यावर भांडायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या बाईचा मेसेज असता तर निदान घरी आईला फोन तरी करता आला असता.

एक गोष्ट त्याच्या तोंडून निसटली. झाडांना फुलं यायची असतील तर रोज बारा तास मिट्ट अंधार लागतो, उजेडाचा एक कण आत शिरला तर सगळं बिघडतं. मग कपाटाला कुठे फट आहे हे शोधायला तू आत जाऊन बसलीस. हेमंतने दार लावलं आणि बाहेरून टॉर्च फिरवला. तू आतून ओरडायचीस, “डाव्या बिजागरीपाशी! वर! अजून वर!” आणि तो बाहेरून काळी टेप लावायचा. तुझं वजन इतकं उतरलं होतं की तू त्या कपाटात मांडी घालून मावलीस. हेमंत हे सांगताना हसत होता आणि मग हसायचा थांबला. मी उठून कुकर लावला. मला इतका राग आला होता, शुभा. माझ्या कपाटात, माझ्या नवऱ्याने तुला कोंडून उजेड शोधला, आणि मी त्या वेळी घरात बसून नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ करत होते.

आणि ते नरांचं. सहा झाडांत दोन नर निघाले, ते ठेवले तर बाकीच्यांत बिया धरतात, म्हणून उपटावे लागले. हे मला तूच फोनवर सांगितलंस, नियम मोडून. “नर ओळखायला मला आयुष्यात पहिल्यांदाच वेळेत जमलं,” म्हणालीस. मी हसले आणि लगेच म्हणाले, “फोनवर नको ना.” तू म्हणालीस, “कोण ऐकून राहिलं तुझा फोन? तू काय एवढी मोठी आहेस काय?” आणि फोन ठेवलास.

पहिलं पीक आलं तेव्हा तुझ्या बैठकीत त्याचा वास यायला लागला. तू ते साजूक तुपात उतरवलं होतंस आणि त्या तुपाचे रव्याचे इवले इवले लाडू वळले होतेस. एक लाडू खाल्लास की तासाभराने तुला भूक लागायची. हेमंतने मला आंघोळीनंतर सांगितलं की आज तू अख्खी भाकरी खाल्लीस, पिठल्याबरोबर. मी देवापुढे उभी राहिले आणि मनापासून नमस्कार केला. आणि नमस्कार करता करताच मनात आलं की माझा डबा तू महिनाभर परत पाठवत होतीस. मी आणलेला मऊ भात नको, आणि या दोघांनी उगवलेल्या पाल्यावर भाकरी जाते. अशी मी. देवासमोरसुद्धा.

त्यानंतर मी तुझ्या घरात यायची थांबले. आपण माझ्या गाडीत भेटायला लागलो, आठवतं ना? मी तुझ्या ड्राइव्हवेत गाडी लावायची, हीटर सुरू करायची, आणि तू शाल गुंडाळून येऊन शेजारी बसायचीस. वास येऊ नये म्हणून तू धुतलेले कपडे घालून यायचीस. मी तसं म्हटलं नव्हतं. पण म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं.

एकदा त्या गाडीतच आपलं भांडण झालं. तू बराच वेळ समोरच्या बंद गॅरेजच्या दाराकडे बघत होतीस.

“अनू, मला तू वाळीत टाकलं आहेस का?”

“काहीतरीच बोलू नकोस. रोज डबा आणते मी.”

“वाळीत टाकलेल्यालाही बाहेरून वाढायचे लोक.”

“शुभा, माझा इंटरव्ह्यू झाला की—”

“अन् माझं काय झालं की?”

मी काय म्हणाले ते सांगते, कारण ते माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही आणि तू आता नाहीस. मी म्हणाले, “तुला हेमंत आहे ना.” तू माझ्याकडे बघितलंस. मग दार उघडून उतरलीस, शाल सावरलीस आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवशी तूच मेसेज केलास की डब्यातली आमटी छान होती. आपण ते वाक्य परत कधी काढलं नाही. मी रोज ठरवायचे की आज माफी मागायची आणि रोज हवा, रिपोर्ट आणि रेवाची परीक्षा यांवर बोलून घरी यायचे.

आणि त्या दिवसापासून माझ्या मनाने एकच गोष्ट धरून ठेवली. तू मला परत एकदाही ‘ये’ म्हणाली नाहीस. पहिल्या रविवारी रंग मारायला बोलावलंस तेवढंच. इंटरव्ह्यू झाला, मी पास झाले, तुला फोन केला, तू म्हणालीस, “पेढे पाहिजेत, अन् दुकानातले नकोत.” तरी ‘आता ये’ म्हणाली नाहीस. मग मीही ताठले. अजून शपथविधी राहिलाय, त्या दिवशी पुन्हा फॉर्म भरून घेतात, इंटरव्ह्यूनंतर काही केलंय का विचारतात, असं मी तुला सांगितलं. तू “बरोबर आहे” म्हणालीस. मला वाटलं, हिला आता माझी गरजच नाही. शपथ झाली की त्याच साडीत थेट तुझ्या गॅरेजमध्ये यायचं, असं मी मनात ठरवलं होतं, पण तुला सांगितलं नाही. आधी तू बोलव, मग मी येते, असं ते चाललं होतं. आपण दोघी पन्नाशीच्या, आणि त्यातली एक मरत होती.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय, शुभा. तुला मी तिथे हवी होते की नव्हते? बाकी सगळ्याची मी समजूत घालीन.

कारण माझ्यासाठी तू काय केलंस ते मला रोज आठवतं आणि त्याने मत्सर कमी होत नाही, उलट लाज वाटून आणखी वाढतो. मला फ्रीवेवर शिरायची इतकी भीती होती की मी चाळीस मिनिटं गल्लीबोळांतून ऑफिसला जायचे. तू तीन रविवार माझ्या शेजारी बसलीस. “आरशात बघ, सिग्नल दे अन् घुस. लोक जागा देतात, अनू. पण विचारावं लागते.” बाबा गेले आणि मला तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे कळलं, तेव्हा तू बॅग घेऊन आमच्याकडे आलीस आणि नऊ दिवस राहिलीस. ऑफिसला काय सांगितलंस कोण जाणे. तू मला एकदाही समजावलं नाहीस, फक्त बाबांबद्दल प्रश्न विचारत राहिलीस. ते कुठली चप्पल घालायचे, रागावले की काय करायचे, चहात साखर किती. माझे बाबा तू कधी पाहिले नव्हतेस. नवव्या दिवशी मला वाटायला लागलं की ते तुलाही ओळखत होते. एवढं तू दिलंस, आणि तुझ्या वेळी मी हीटर लावून गाडीत बसले.

शेवटचे दोन दिवस हॉस्पिटलात मी होते, पण तेव्हा तू नव्हतीस. तुझा हात धरला तर तो गरम होता, एवढंच. रेवा पलीकडून धरून होती. अंत्यसंस्काराच्या दिवशी हेमंत हमसून हमसून रडला. मी त्याला बाबांच्या वेळी, त्याच्या स्वतःच्या आईच्या वेळी असं रडताना पाहिलं नव्हतं. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. मी कोरडीच. माझ्या मैत्रिणीच्या मरणात सुद्धा माझा नंबर दुसरा लागला, असं मला तिथे उभं राहून वाटलं. वाटलं ते वाटलं.

तू गेल्यावर नवव्या दिवशी माझी शपथ झाली. मोरपंखी नऊवार नव्हे, साधी पाचवारी नेसले होते. हातात छोटा झेंडा दिला. फॉर्मवरच्या सगळ्या प्रश्नांना मी ‘नाही’ लिहिलं आणि ते सगळं खरं होतं. हेमंतने फोटो काढला. त्यात मी पासपोर्टच्या फोटोसारखी दिसते.

काल रेवाचा फोन आला. “मावशी, आय कान्ट लुक ॲट दॅट क्लोजेट. कॅन काका जस्ट टेक इट? प्लीज?” मी म्हटलं, आम्ही दोघं येतो. हेमंतने माझ्याकडे बघितलं आणि टूलबॉक्स घेऊन गाडीत बसला.

तर आज शनिवारी सकाळी मी तुझ्या गॅरेजमध्ये आले. पंखा चालू होता. हेमंत या एकवीस दिवसांतही रोज ऑफिसवरून येताना झाडांना पाणी घालून जात होता, ते मला आज कळलं. त्याने दार उघडलं आणि इतका उजेड अंगावर आला की मी डोळ्यांपुढे हात धरला. चार झाडं होती, माझ्या कमरेएवढी, फुलांच्या वजनाने वाकलेली, आणि ती वाकू नयेत म्हणून तू रेवाच्या जुन्या बुटांच्या नाड्यांनी बांधलेली. आतला पांढरा रंग कोपऱ्यांत ओघळलेला होता. मी मारला असता तर ओघळला नसता, हे पहिलं मनात आलं.

दाराच्या आतल्या बाजूला तुझा कागद चिकटवलेला होता. टेस्टर ती टेस्टरच, कपाटातल्या चुकांची यादी केलेली. ‘बग १: डाव्या बिजागरीतून उजेड.’ पुढे हेमंतच्या अक्षरात, ‘फिक्स्ड.’ खाली तुझं, ‘नाही. रीओपन.’ पुन्हा त्याचं, ‘आता बघ.’ तुझं, ‘ओके, क्लोज.’ असे एकोणीस बग. दोन माणसांनी आठ महिने एकमेकांशी केलेलं सगळं बोलणं त्या एका कागदावर होतं. मी ते प्रेमपत्र वाचावं तसं वाचलं, अगदी हळू, आणि त्यात प्रेमाचा एक शब्दही नव्हता. पंखा, पाणी, पिवळी पानं, एवढंच. मला हेमंतला ढकलून त्याच्या जागी बसावंसं वाटलं.

“सांग मला सगळं,” मी त्याला म्हणाले. “आता काय झालंय, मी नागरिक आहे.”

तो तुझ्या खुर्चीवर बसला नाही, पालथ्या बादलीवर बसला. ती त्याची जागा असणार. त्याने दिव्यापासून सुरुवात केली. किती वॅटचा, कुठून आणला, पहिल्यांदा जवळ लावला म्हणून पानं कशी करपली. मी ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने विचारलं,

“माझ्याबद्दल काही बोलायची का?”

हेमंत खोटं बोलत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खोड.

“फारसं नाही गं,” तो म्हणाला. “तिला बोलायला दम लागायचा. झाडांचंच बोलायचो.”

मी मान डोलावली. त्याने पान चुरगळलं, बोटांचा वास घेतला.

“एकदा विचारलं होतं तिने,” तो म्हणाला.

“काय?”

“अनू येईल का म्हणून. पाच मिनिटं. फुलं आली होती, तुला दाखवायची होती.”

“कधी?”

“मला वाटतं, तुझा इंटरव्ह्यू झाला त्याच्या दुसऱ्या शनिवारी.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. त्याला खरोखर प्रश्न कळला नव्हता.

“तूच म्हणाली होतीस ना, गॅरेजमधलं घरात आणायचं नाही. मी तिला म्हटलं, तिची शपथ होऊ दे, मग येईल.”

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, बरं.”

“एवढंच?”

“एवढंच. मग पंखा कुरकुरतोय म्हणाली, तो मी घट्ट केला.”

मी तुझ्या खुर्चीवर बसले आणि मग रडले, शुभा. एकवीस दिवसांचं एकदम. हेमंतने दिवा थोडा वर ओढला, म्हणजे माझ्या डोळ्यांवर येऊ नये, आणि पुन्हा बादलीवर बसला. मी हवी होते तुला. विचारलं होतंस. तू माझ्या नियमाच्या दारापर्यंत येऊन विचारलंस, आणि तो नियम मी इतका पक्का केला होता की माझ्याच नवऱ्याने तो इमानाने पाळला.

ते ‘बरं’ तू कसं म्हणालीस ते मला कळायला हवंय. थकून म्हणालीस, की रागाने, की हसून, की आपण दुकानात हवं ते मिळालं नाही की म्हणतो तसं. मी हेमंतला चार वेळा म्हणून दाखवायला सांगितलं. त्याने चार वेळा प्रयत्न केला, पण त्याच्या तोंडून ते त्याचंच ‘बरं’ येतं.